अंथरूण कशाचं आहे, ते आधी पाहू

हल्ली मोबाईलवर ‘ऑरगॅनिक कॉटन’च्या चादरींच्या जाहिराती येतात. पांढरी शुभ्र चादर, तिच्यावर झोपलेलं गुटगुटीत बाळ, आणि खाली किंमत अशी की आपल्या घरात तेवढ्यात महिन्याचा किराणा यावा. ‘ताई, हे काय असते? लेकरासाठी घ्याव काय?’ हा प्रश्न महिला मंडळाच्या बैठकीत मला बऱ्याच जणींनी विचारला आहे. म्हणून या वेळचं आरोग्य पान अंथरूण-पांघरुणावर.

चोवीस तासांतले सात-आठ तास आपण अंथरुणावर असतो. बाळंतीण, तान्हं लेकरू आणि आजारी माणूस त्याहून जास्त. तरी भांडं घेताना आपण ते दहादा वाजवून पाहतो आणि गादी मात्र वरच्या कापडाची फुलं पाहून घेतो. आत काय भरलंय हे विचारतही नाही.

सेंद्रिय कापूस कुणाच्या फायद्याचा?

ऑरगॅनिक म्हणजे सेंद्रिय. रासायनिक खत, रासायनिक कीटकनाशक आणि जनुक बदललेलं बियाणं न वापरता पिकवलेला कापूस. आपल्या देशात २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि आज शेतात दिसणारा बहुतेक कापूस बीटीच आहे. त्यामुळे खरा सेंद्रिय कापूस थोडा आणि महाग. नुसतं ‘ऑरगॅनिक’ छापलं म्हणून माल सेंद्रिय होत नाही. कापडासाठी ‘गॉट्स’ नावाचं एक जागतिक प्रमाणपत्र आहे. त्या खुणेखाली ‘ऑरगॅनिक’ म्हणून विकायचं तर कापडातले किमान ९५ टक्के धागे प्रमाणित सेंद्रिय असावे लागतात, आणि लेबलवर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव व परवाना क्रमांक असतो. क्रमांक नसेल तर ते शब्द शोभेचे समजा.

आता मुद्द्याचं. ही चादर घेतली तर झोपणाऱ्याच्या तब्येतीत काय फरक पडतो? खरं सांगायचं तर फार थोडा. कापूस सूत होऊन, धुलाई-रंगाई होऊन कापड बनेपर्यंत त्यात फवारणीच्या औषधाचा अंश फारसा उरत नाही. अंगाला खाज आणणारी गोष्ट बहुतेकदा वेगळीच असते: कापडावरची खळ, कच्चा रंग, किंवा सुरकुत्या पडू नयेत म्हणून चढवलेलं रसायन. त्याला उपाय सोपा आहे. नवी चादर साबणाच्या पाण्यातून दोनदा काढा, उन्हात वाळवा, मगच अंथरा. तान्ह्या बाळाची तर तीनदा धुवा.

फरक पडतो तो शेतात. आपल्या रिसोड तालुक्यात आता सोयाबीन जास्त, कापूस कारंजा, मानोरा, मंगरूळपीरकडे आणि पुढे यवतमाळात. त्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. पीक माणसाच्या डोक्याइतकं वाढलेलं, पाठीवर पंप, तोंडाला फार तर एक दस्ती. फवारायला जाणारा हात पुष्कळदा भूमिहीन मजुराचा असतो. आपल्या वस्तीतली पोरंही रोजाने फवारणीला जातात, हे मी वेगळं सांगायला नको.

म्हणून माझं मत असं आहे. ज्याला परवडतं त्याने सेंद्रिय चादर जरूर घ्यावी, पण ती स्वतःच्या कातडीसाठी नाही, फवारणाऱ्या मजुराच्या छातीसाठी घेतोय हे समजून घ्यावी. ज्याला परवडत नाही त्याच्या लेकराचं त्यावाचून काही अडत नाही. त्याने अंथरूण सुती आहे का आणि ते उचलून, धुऊन, वाळवता येतं का एवढं पाहावं.

सुती आहे हे ओळखायचं कसं?

बाजारात ‘कॉटन’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. ‘ग्लेस कॉटन’ म्हणून जी चमकदार, मऊ, हलकी चादर मिळते ती बहुतेक वेळा पॉलिस्टरची असते. कडेचा एक धागा काढा, चिमट्यात धरा आणि ताटलीवर जाळून पाहा. लेकरं जवळ नकोत. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचा येतो आणि राख बोटाने चुरते. पॉलिस्टरचा धागा आकसतो, वितळतो, प्लॅस्टिकचा वास येतो आणि टोकाला काळी कडक गोळी होते. मिसळीच्या कापडात दोन्ही दिसतं: थोडी राख, थोडी गोळी. दुकानात जाळता येत नसेल तर पाण्याचा थेंब टाका. धुतलेलं सुती कापड तो लगेच पितं. नव्या कापडाला खळ असते, त्यामुळे ही परीक्षा घरी एकदा धुतल्यावर जास्त खरी ठरते.

गादीचा हिशोब वेगळा. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल होता. क्विंटलभर कापसातून सरकी काढून रुई निघते साधारण ३४ किलो. सरकीचे पैसे वजा केले तरी रुई किलोला दीडशे रुपयांच्या घरात जाते. मग आठ किलोच्या गादीत बाराशे रुपयांची नुसती रुई झाली. खोळ, पिंजाई, शिलाई वेगळी. आता दारावर येऊन कुणी सहाशे रुपयांत ‘प्युअर कॉटन’ची गादी देत असेल तर आत काय असेल ते तुम्हीच ठरवा. बहुधा कपड्यांच्या कारखान्यातल्या रंगीत चिंध्या पिंजून केलेला कचरा असतो, करड्या रंगाचा. तो लवकर बसतो, त्याच्या गाठी होतात आणि शिवणीतून धूळ झडते. दम्याच्या लेकराला हीच धूळ रात्रभर खोकवते.

त्यापेक्षा ओळखीच्या पिंजाऱ्याकडे जा आणि समोर भरून घ्या. घरची जुनी गादी खरंच रुईची असेल तर ती टाकू नका. उसवून, उन्हात दोन दिवस टाकून, पिंजून पुन्हा भरली की गादी नव्यासारखी फुलते. खर्च फक्त पिंजाईचा आणि खोळीचा. दोन-तीन वर्षांतून एकदा हे करावं. मात्र पिंजण चालू असताना लेकरू कडेवर घेऊन मशीनजवळ उभं राहू नका. कापसाची ती धूळ वर्षानुवर्षं छातीत गेल्याने पिंजणाऱ्या भावांना छाती आवळून येण्याचा, दम लागण्याचा आजार होतो. त्याला बिसिनोसिस म्हणतात. त्यांच्या तोंडाला फडकं नसेल तर तेवढं सांगायला हरकत नाही.

भरताना आणखी एक पाहा. जाड गादीचा सोस नको. दहा-बारा किलोची गादी एकट्या बाईला उचलवत नाही, आणि जी उचलवत नाही ती उन्हात जात नाही. पाच-सहा किलोची पातळ गादी बरी.

कापूस ओल पितो

सुती अंथरूण अंगाला बरं का वाटतं? कोरडा वाटणारा कापूससुद्धा हवेतली ओल धरून असतो, स्वतःच्या वजनाच्या साधारण आठ टक्के. पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून मे महिन्यात टिनाच्या घरात सिंथेटिक चादरीवर घाम तसाच अंगाखाली साचतो, पाठीवर घामोळ्या उठतात, मांडीच्या सांध्यात गजकर्ण वाढतं. सुती चादर तोच घाम पिते आणि हवेला देते.

पण याच गुणाचा तोटाही आहे. पावसाळ्यात तीच गादी जमिनीची ओल, भिंतीची ओल, श्वासाची ओल सगळं पीत राहते. बुरशीचा कुबट वास येतो तो त्यातूनच. ओलसर आणि उबदार गादीत डोळ्याला न दिसणारे धुळीचे किडे वाढतात, आणि त्यांची विष्ठा नाकात गेली की शिंका, दमा. त्यामुळे सुती अंथरुणाला ऊन लागतंच. जमिनीवर झोपत असाल तर गादीखाली चटई किंवा पोतं घाला आणि सकाळी गादी गुंडाळून उभी करा, तिथेच पसरून ठेवू नका. नुसतं प्लॅस्टिक घातलं तर जमिनीची ओल अडते, पण वरचा घाम प्लॅस्टिकवर साचून गादी खालून भिजते. चादर आणि उशीची खोळ आठवड्याला धुवावी, जमेल तेव्हा कढत पाण्यात. नुसतं झटकल्याने धूळ फक्त जागा बदलते.

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात भिक्खूंच्या निवासस्थानाचे नियम आहेत. त्यात गादी-उशी बाहेर काढून उन्हात टाकावी, झटकावी आणि पुन्हा जागेवर ठेवावी, असं व्यवस्थित सांगितलेलं आहे. वर्षावास संपतो त्या आश्विन पौर्णिमेच्या सुमारास आपल्याकडे ऊन पुन्हा कडक होतं. वर्षातलं एक मोठं धुणं-वाळवणं त्याच दिवसांत काढा. दीक्षाभूमीहून परतल्यावर सोबत नेलेली चादर-सतरंजीही घरात घेण्याआधी धुवा. तिथे लाखो माणसांत जमिनीवर झोपणं होतं. ढेकूण आणि खरूज कुणाची ओळख विचारून येत नाहीत.

गोधडी, पण कशाची?

पाच-सहा जुनी लुगडी एकावर एक ठेवून घातलेली गोधडी किंवा वाकळ, याच्याइतकं टिकाऊ अंथरूण मला माहीत नाही. नवीन काही पिकवावं लागत नाही, फाटली तर पायपुसणं होतं, तेही संपलं तर मातीत कुजतं. फोमची गादी शेवटी वस्तीच्या उकिरड्यावर जाळली जाते आणि तिचा विषारी धूर आपणच घेतो.

मात्र आजीची लुगडी सुती होती, आज आपल्या पेटीतल्या साड्या बहुतेक सिंथेटिक आहेत. त्यांची गोधडी दिसायला छान, पण गरम होते, घसरते आणि चुलीची ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटते. सुती कापूसही पेट घेतोच, तेव्हा बिडी आणि चूल दोन्हींपासून दूर. घरात शोधलं तर सुती कापड सापडतं: पॉपलीनचे जुने परकर, धोतर, जुन्या चादरी, विहारात नेसायच्या पांढऱ्या सुती साड्या. अंगाला लागणारे वरचे-खालचे थर सुती ठेवा, मधे एखादी सिंथेटिक साडी चालेल. टाके जवळ घाला, म्हणजे धुताना थर सरकत नाहीत. एक जाडजूड गोधडी शिवण्यापेक्षा दोन पातळ शिवा. थंडीत दोन्ही, उन्हाळ्यात एक, आणि एक धुतली तरी दुसरी घरात.

फेरीवाल्याची मऊ, केसाळ ब्लँकेटं मी सरसकट वाईट म्हणणार नाही. ती ऊब देतात आणि पावसाळ्यात लवकर वाळतात. पण अंगाजवळ सुती चादर आणि तिच्यावर ब्लँकेट, असं घ्या. जयंतीला, महापरिनिर्वाण दिनाला ब्लँकेट वाटप करणाऱ्या मंडळांना एक विनंती: पाचशे पातळ ब्लँकेटांऐवजी दोनशे चांगल्या सुती चादरी वाटा. सोलापुरी चादर आपल्याच महाराष्ट्रातली, भौगोलिक मानांकन मिळालेली, आणि वर्षानुवर्षं धुतली तरी टिकणारी. नकली माल पुष्कळ आहे, तेव्हा धागा जाळून पाहा.

सिकलसेलच्या लेकराचं अंथरूण

हा भाग ज्यांच्या घरी सिकलसेल आहे त्यांनी दोनदा वाचावा. विदर्भात हा आजार आपल्या समाजात बराच आहे. थंडी लागली किंवा अंगातलं पाणी कमी झालं की रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होऊन बारीक नसांत अडकतात आणि हाडं फुटल्यासारखं दुखतं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. त्या वेळी गार फरशीवर एका सतरंजीवर झोपलेलं लेकरू पहाटे दुखण्याने ओरडत उठतं. अंगावर जितकं पांघरूण, तितकंच अंगाखाली हवं, हे लक्षात ठेवा. थंडी खालून जास्त चढते.

याहून महत्त्वाची गोष्ट अंथरूण ओलं होण्याची आहे. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. पातळ लघवी पुष्कळ होते, रात्रीही होते. त्यामुळे आठ-दहा वर्षांचं, कधी त्याहून मोठं लेकरूही गादीत लघवी करतं. तो आळस नाही, खोड नाही, आजाराचा भाग आहे. पण घरात एकच गादी, ती रोज भिजते, वास येतो, मग माय काय करते? संध्याकाळपासून लेकराचं पाणी बंद करते. गादी वाचते आणि लेकरू दवाखान्यात जातं. पाणी कमी झालं की दुखणं उठतं, ते असं.

तेव्हा पाणी बंद करायचं नाही. अंथरूण बदलायचं. दवाखान्यात आम्ही जे करतो तेच घरी करा: गादीवर कमरेच्या जागी मेणकापड किंवा रबरी शीट, तिच्यावर दुपदरी सुती कापड आडवं टाकून दोन्ही बाजूंनी गादीखाली खोचलेलं. रात्री भिजलं तर फक्त ते आडवं कापड ओढून दुसरं घालायचं. अशी चार-पाच कापडं जुन्या साडीची करून ठेवा. मेणकापड रोज पुसून वाळवा आणि लेकराच्या कातडीला थेट लागू देऊ नका. उशाशी पाण्याचा तांब्या ठेवा. झोपताना एकदा लघवीला न्या. आणि भावंडांसमोर त्या लेकराला लाजवू नका. तपासणी झाली नसेल तर सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी मोफत होते. लग्न ठरवण्याआधी तर करूनच घ्यावी.

हीच पद्धत अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी. त्यांना गाठी झालेली गादी चालत नाही. गाठीवर हाड टेकलं की तिथली कातडी आधी लाल होते, मग फाटते. चादरीला चुणी राहू देऊ नका, दर दोन तासांनी कूस बदला, आणि रोज पाठ, माकडहाड, टाचा पाहा.

तान्ह्याला उशी नको, मोहरीची तर मुळीच नको. सपाट, घट्ट गोधडीवर उताणं झोपवा, पांघरूण छातीपर्यंत, तोंड उघडं.

खरूज आणि ढेकूण

घरात एकाला खरूज झाली की डॉक्टरांनी दिलेलं मलम सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं असतं, खाज नसली तरी. मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत. बाळाला डॉक्टरांना विचारून. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ आणि सगळं अंथरूण-पांघरूण, कपडे कढत पाण्यात. जी गोधडी धुता येत नाही ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही. मलमाचा दुसरा हात कधी घ्यायचा ते डॉक्टर सांगतील, तो चुकवू नका.

ढेकणांसाठी मात्र कळकळीने सांगते. शेतातून उरलेलं फवारणीचं औषध गादीवर, खाटेवर मारू नका. धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्या गादीखाली ठेवू नका. बंद खोलीत त्यांचा वायू झोपेतच जीव घेतो, आधी लेकरांचा. ढेकणाला उष्णता पुरते. खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओता, भिंतीच्या भेगा बुजवा, गोधड्या काळ्या प्लॅस्टिकमध्ये बांधून एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर ठेवा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा करा, कारण अंडी मागून फुटतात.

आणि जो फवारणीहून येतो त्याने अंगावरच्या कपड्यांनिशी अंथरुणावर टेकू नये. ते कपडे वेगळे धुवायचे, साबण लावून आंघोळ करायची, मग जेवण, मग झोप. संध्याकाळी त्याचं डोकं दुखत असेल, मळमळत असेल, घाम सुटला असेल, तोंडाला लाळ येत असेल, डोळ्यांना अंधुक दिसत असेल तर ‘थकला, झोपू द्या’ म्हणू नका. ओले कपडे काढा, अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली किंवा डबा लेबलसकट सोबत न्या. कोणतं विष आहे हे कळलं तर डॉक्टरांचा वेळ वाचतो.